मूळ अर्ज मराठीत

१ जानेवारी

आजपासून आम्ही स्वतंत्र झालो. काल संध्याकाळपर्यंत आमचा कक्ष विधिमंडळ सचिवालयाच्या एका शाखेच्या पोटात होता. आज सकाळपासून 'विधिमंडळ सेवक साहाय्य मंडळ' हे नवे नाव, नवा कायदा आणि नवा शिक्का. आमदारांच्या कार्यालयांत काम करणाऱ्या माणसांना कुणी त्रास दिला, तर त्यांनी कुठे जायचे? आमच्याकडे. मुख्य कार्यालय बेंगळुरात, तिथे आयुक्त मॅडम. बेळगाव शाखेत मी आणि शिपाई यल्लाप्पा. इथल्या विधानभवनात, म्हणजे सुवर्णसौधात, मागच्या बाजूला तळमजल्यावर खोली मिळाली आहे. अधिवेशनाचे दहा-बारा दिवस सोडले तर त्या अवाढव्य इमारतीत वर्षभर कबुतरे आणि आम्ही.

वासंतीने डबा भरताना विचारले, "स्वतंत्र म्हणजे हुद्दा वाढला काय ओ?"

म्हटले, "नाही."

"मग गाडी तरी?"

"होती ती गेली. ती सचिवालयाची होती."

"मग बरंच स्वतंत्र झालात की," म्हणाली आणि शाळेला निघून गेली. तिला सगळ्याची थट्टाच सुचते. अठ्ठावीस वर्षे मी जिल्हा कचेरीत दुसऱ्यांच्या कागदांची भाषांतरे केली. निवृत्तीला तीन वर्षे राहिली असताना आपल्या हातून एखाद्याचे भले व्हावे असे वाटले म्हणून ही जागा मागून घेतली. हे तिला सांगितले नाही. डायरीत लिहायला हरकत नाही.

११ फेब्रुवारी

पूर्वी "सचिवालयातून बोलतोय" म्हटले की समोरचा माणूस खुर्चीतून उठून बोलायचा, हे फोनवरही कळायचे. आज एका आमदारांच्या कार्यालयात फोन केला. नाव सांगितल्यावर पलीकडून विचारले, "कुठलं मंडळ? गणपतीचं काय? त्याला अजून लई येळ हाय की."

आम्ही कुणाचे ताबेदार नाही, हे खरे. पण आमचेही कुणी राहिले नाही.

२४ एप्रिल

चार महिन्यांत एकही तक्रार नाही. आमच्या माहितीचे फलक सगळ्या कार्यालयांना पाठवले होते. यल्लाप्पा बस धरून धरून पाहून आला. म्हणाला, "साहेब, फलक लावलेत. पण दाराच्या मागं लावलेत. दार उघडलं की झाकतो, दार लावलं की दिसतो. आणि दार कोण लावत नाही."

२० जून

आज मात्र एक काम माझ्या मनासारखे झाले. अर्ज फक्त कन्नड किंवा इंग्रजीतच घ्यावा असे मंडळाच्या नियमांच्या मसुद्यात होते. मी मॅडमना तीन पत्रे लिहिली की आमच्या सीमाभागात कितीतरी लोक बोलतात कन्नड, पण मनातले लिहायचे झाले की मराठीत लिहितात. अर्ज माणसाला जमेल त्या भाषेत चालला पाहिजे. मॅडमनी मान्य केले. अट एकच: कामकाज कन्नडमध्ये, म्हणून प्रत्येक भाषांतराच्या माथ्यावर मूळ भाषा, भाषांतरकाराचे नाव आणि शिक्का हवा. मीच ते कलम लिहून दिले. कलम चौदा. माझ्या हाताने नियमांत गेलेली एवढी एकच ओळ.

वासंतीला वाचून दाखवली. म्हणाली, "फ्रेम करून लावा."

८ सप्टेंबर

पहिला अर्ज आला! तीन पाने, निळ्या शाईत, मराठीत. समास सोडून, मुद्द्यांना आकडे घालून लिहिलेला. मला उगीच अभिमान वाटला. कलम चौदा नसते तर हे माणूस आलेच नसते.

नाव इथेही लिहिणार नाही. नियम आहे, आणि डायरी म्हणजे काही लोखंडी कपाट नव्हे. 'अर्जदार' म्हणेन. ज्यांचे कार्यालय आहे ते साहेब विधान परिषदेचे सदस्य, एवढेच. त्यांचे कार्यालय त्यांचे मेहुणे चालवतात आणि तक्रार मेहुण्यांवर आहे.

१६ सप्टेंबर

अर्जदाराला सौधात यायची भीती वाटली. संकेश्वरच्या बसस्टँडवर भेटू असे तिनेच कळवले, "तितं आमच्याकडचं कोण येत न्हाय." (हे 'तिनेच' लिहायला नको होते. असो.) कॅन्टीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो. वय सत्तावीस-अठ्ठावीस. बसल्या बसल्या तिने चपला काढल्या आणि पाय बाकाखाली लांब केले. घोटे सुजलेले होते.

हकिगत अशी. जुलैत बाळाबाई नावाची एक म्हातारी कार्यालयात आली. तिच्या शेताच्या वाटेवर कुणीतरी कुंपण घातले होते. हिने म्हातारीने सांगितले तसा अर्ज लिहून दिला. कुंपण मेहुण्यांच्या मित्राचे निघाले. दुसऱ्या दिवशी हिची खुर्ची गायब.

"मी इचारलं, माझी खुर्ची कुटं हाय? तर म्हनले, तुला लिवायची लई हौस हाय न्हवं, मग उभ्यानं लिव."

"आणि तू?"

"उभ्यानंच लिवतोय की. दोन म्हयनं झालं. दा ते सा. टेबलाशी वाकून वाकून कंबार गेली. येनारं लोक बगत्यात. कोण हसतंय, कोण मान खाली घालतंय. एक दिवस खोक्यावर बसले तर फाईल तोंडावर मारली."

"सोडून का देत नाहीस?" मी विचारले. विचारायला नको होते.

"का सोडू? परीक्षा देऊन आलोय साहेब. अकराजण हाय आमी. बाकीची समदी कन्नडात लिवत्यात, मराठी अर्जासाटनं मला एकटीलाच घेतलंया. मी गेले तर आमच्याकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचं कोन लिवनार?"

तुला नेमके काय हवे आहे, असे विचारणे नियमाप्रमाणे आवश्यक असते. विचारले. मला वाटले माफी म्हणेल, शिक्षा म्हणेल.

"मला माझी खुर्ची परत पायजे," ती म्हणाली. "आनि माझं नाव त्यास्नी कळाय नको. घरात मोटं व्हईल."

मी शब्द दिला. अगदी छातीवर हात ठेवून दिला.

६ ऑक्टोबर

नियमाप्रमाणे समोरच्याला म्हणणे मांडायला प्रत द्यावी लागते. भाषांतर आज पूर्ण झाले. चार दिवस घेतले, पण काम चोख. नाव काढले, गाव काढले. बाई की पुरुष हे कळणार नाही अशी वाक्ये बांधली. बाळाबाईंची हकिगत पूर्ण वगळून फक्त 'काही कारणावरून' असे लिहिले. फाईल फेकल्याची तारीख वगळली. खुर्चीची गोष्टही 'बसण्याच्या सोयीपासून वंचित ठेवणे' अशी सर्वसाधारण केली, अकराही जणांना लागू पडावी अशी. आता त्या कागदावरून ब्रह्मदेवालाही माणूस ओळखता येणार नाही.

माथ्यावर कलम चौदाप्रमाणे शेरा घातला: 'मूळ अर्ज मराठीत. कन्नड भाषांतर अचूक असल्याचे प्रमाणित.' सही, शिक्का. अठ्ठावीस वर्षांत हा शेरा माझ्या हातून एकदाही सुटलेला नाही.

२७ ऑक्टोबर

बेंगळूरची मंजुरी आली. पाकिटाला लाख लावून यल्लाप्पाच्या हाती दिले. "कुणाच्या हातात द्यायचं नाही, मेहुण्यांच्याच हातात." तो पाकीट शर्टाच्या आत घालून गेला.

१३ नोव्हेंबर

दुपारी अर्जदाराचा फोन. मी घाईने विचारले, "काही फरक?"

 "खुर्ची मिळाली साहेब," ती म्हणाली.

मी जागेवरून उठलोच. यल्लाप्पाला हाक मारली, चहा सांगितला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा आमच्या कागदाने काहीतरी हलले होते! मी तिला म्हटले, "बघ, मी सांगत होतो ना? कागदात ताकद असते." बरेच काही बोललो. आनंदात माणूस बोलतो.

"व्हय," ती म्हणाली. "व्हरांड्यात ठेवलीया. कागद, टेबल कायबी न्हाय. दिसभर नुसतं बसायचं."

म्हटले, हळूहळू होईल, पहिली पायरी तर झाली. मग तिने भलतेच विचारले. "साहेब, माझ्या वडलांच्या, आप्पांच्या उसाला तोडनीची टोळी येईना झालीया. आमचा नंबर हुता, तो मागं सारला. शेजारचा फड तुटून गेला, आमचा उभाच वाळाय लागलाय. आमचं साहेबच साखर कारखान्यावर डायरेक्टर हाईत. तुमच्याकडनं कायतरी व्हईल काय?"

मी तिला नीट समजावले की ऊसतोडणी हा विषय मंडळाच्या कक्षेत येत नाही, आणि दोन गोष्टींची गल्लत करू नये. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. आवाज बसलेला वाटला. सध्या हवाच तशी आहे.

बेंगळूरला कळवले: बसण्याची सोय पूर्ववत. संध्याकाळी येताना वासंतीसाठी कुंदा आणला. ती म्हणाली, "व्हरांड्यात खुर्ची ठेवून बसवणं म्हणजे पूर्ववत काय ओ? आमच्या शाळेत ह्याला वर्गाबाहेर काढणं म्हणतात." कुंदा मात्र खाल्ला.

१० डिसेंबर

अधिवेशन सुरू आहे. सौधात गर्दी, गाड्या, पोलीस. आणि आज आपण होऊन ते परिषदेचे सदस्य साहेब आमच्या खोलीत आले! बरोबर कुणी नाही, साधा माणूस. चहा घेतला. कबुतरांचा त्रास आहे का विचारले.

"तुमचा कागद वाचला," म्हणाले. "भाषांतर फार सुरेख. कुणी केलं?"

मी म्हटले, "मीच."

"वाटलंच. नियमाचा माणूस दिसतो. पहिल्याच ओळीत कळतं."

खोटे कशाला लिहू, मला बरे वाटले. वर्षभरात माझ्या कामाला चांगले म्हणणारा हा पहिलाच माणूस. उठताना म्हणाले, "त्या पोरीला खुर्ची दिली बघा आम्ही लगेच. मेहुणा जरा तापट आहे, मनात काही नसतं त्याच्या."

ते गेल्यावर कप उचलता उचलता माझा हात थांबला. त्या पोरीला? मी तर बाई की पुरुष तेही कळू दिले नव्हते.

११ डिसेंबर

झोप नाही. कुठून फुटले? अर्ज माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. बेंगळूरला गेली ती प्रतही नाव काढलेलीच. बाहेर गेला तो एकच कागद आणि तो नेणारा एकच माणूस.

यल्लाप्पाला खुलासा मागणारा मेमो दिला. देताना त्याच्याकडे बघवले नाही. त्याने मेमो उलटसुलट करून पाहिला. "साहेब, मी काय केलो?" एवढेच म्हणाला.

१५ डिसेंबर

अर्जदाराने अर्ज मागे घेतला. टपालाने पत्र आले. 'गैरसमजातून तक्रार केली होती, आता काही म्हणणे नाही.' खाली तिची सही, साक्षीदार म्हणून तिच्या वडिलांची. फोन केला, उचलला नाही. त्या बाजूच्या एका ओळखीच्या कंडक्टरकडून मला कळले: तेराला तिच्या आप्पांच्या फडावर टोळी आली, दोन दिवसांत ऊस तुटून गेला.

पत्र कन्नडमध्ये आहे. अक्षर तिचेच, पण शाळेतल्या मुलासारखे एकेक अक्षर जपून काढलेले. भाषांतराची गरज पडली नाही.

हे पत्र मी चार वेळा वाचले. मराठीत का लिहिले नसेल?

१७ डिसेंबर

यल्लाप्पाचा खुलासा तोंडी झाला. लिहून आणतो म्हणाला होता, पण कागद कोराच आणला.

"साहेब, पाकीट मी फोडलो असं तुम्ही म्हणताय. फोडलो असतो तर काय कळलं असतं मला? तुम्ही तर नाव, गाव काहीच ठेवला नव्हता म्हणता. मग एकदा दाखवा की तो कागद. बघू, काय होतं त्यात."

मी रागानेच कार्यालयीन प्रत काढून त्याच्यापुढे टाकली. त्याने चष्मा लावला आणि बोट ठेवून वरपासून वाचायला लागला. पहिल्याच ओळीवर बोट थांबले. ती ओळ मोठ्याने वाचून तो माझ्याकडे बघायला लागला.

"साहेब," हळूच म्हणाला, "त्या हापिसात मराठी लिहिणारे किती जण?"

संकेश्वरच्या कॅन्टीनमधले तिचे बोलणे मला जसेच्या तसे आठवले. बाकीची समदी कन्नडात. मला एकटीलाच.

"एक," मी म्हटले.

 त्याने कागद सरळ करून माझ्यापुढे ठेवला, कपबशी उचलली आणि तो बाहेर गेला. त्याचा मेमो मी फाडला. तो फाडल्याने काय होणार? मी त्याची माफीसुद्धा मागितली नाही. ओठावर आली होती, पण तो लगेच परत आलाच नाही.

ती ओळ मी लिहिली. ते कलम मी लिहिले. शिक्का मी मारला. मला भयंकर लाज वाटते आहे.

२२ डिसेंबर

वार्षिक अहवालाचा तक्ता भरायचा होता. प्राप्त तक्रारी: एक. निकाली: एक. 'गोपनीयतेचा भंग' या रकान्यात मी 'एक' लिहिले आणि खाली कारणासह माझे नाव लिहून सही केली. मन थोडे हलके झाले होते.

दुपारी बेंगळूरहून मॅडमचा फोन. "अहो, भंग म्हणजे चौकशी होऊन सिद्ध झालेला. तुम्ही नियमाप्रमाणेच शेरा घातलात. मग भंग कुठला?"

"पण मॅडम, तिची ओळख पटली."

"अर्जदाराने तसं म्हटलंय कुठे? तिनं तर गैरसमज म्हणून लिहून दिलंय. पहिलं वर्ष आहे आपलं. शून्य करून पाठवा."

मी शून्य केले नाही. संध्याकाळी तेच पान मेलवर परत आले. शून्य तिकडेच छापून झाले होते. समाधानकारकरीत्या निकाली काढलेल्या तक्रारींचे प्रमाण: शंभर टक्के.

वासंतीला सगळे सांगितले. आज तिने थट्टा केली नाही. म्हणाली, "तिला जाऊन सांगा. आणि त्या यल्लाप्पालाही. वरनं हुकूम यायची वाट न बघता जाऊन सांगा."

२६ डिसेंबर

यल्लाप्पाची माफी मागितली. तो कबुतरांची घाण धूत होता. "राहू दे की साहेब," म्हणाला. "मी पण त्या दिवशी मोठ्यानं वाचायला नको होतो."

३० डिसेंबर

आज गेलो. कार्यालयात ती नव्हती. तिची नेमणूक या महिन्यात संपली आणि पुढे वाढवली नाही, असे कळले. मराठी अर्ज घेणे सध्या बंद आहे. कुणीतरी सांगितले, तहसील कचेरीसमोर बसते. तिथे पत्र्याच्या सावलीत एक टेबल, त्यावर कागद, कार्बन, दोन पेने. लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ती एका म्हातारीचा अर्ज लिहीत होती. मला बघून उठायला लागली, मग थांबली आणि बसूनच म्हणाली, "या साहेब. स्टूल घ्या."

मी स्टुलावर बसलो. लोक अर्ज लिहून घ्यायला बसतात तसा. म्हातारी गेल्यावर सांगून टाकले. पाकीट कुणी फोडले नव्हते. वरचा शेरा माझा होता. माझ्यामुळे झाले.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पयल्या दिसापास्नं. मेव्हण्यानं मला बोलवून कागद म्होरं धरला आनि वरच्याच वळीवर बोट ठेवलं. खालचं त्यानं वाचलंबी न्हाय."

"मग त्या दिवशी फोनवर बोलली का नाहीस?"

ती पेनाचे टोपण लावत-काढत राहिली. "तुमी लई खुशीत हुता साहेब. खुर्ची मिळाली म्हनून. कसं सांगनार?"

 मी समोर तहसीलच्या दारातली लोकांची ये-जा बघत राहिलो. तिनेच विषय बदलला, खुर्चीच्या हातावर थाप मारून म्हणाली, "ही घरनं आनलीया. हिला कोन हात लावत न्हाय."

निघताना तिने विचारले, "ती वळ घालायलाच लागती काय? म्होरच्या मानसासाटनं तरी काडता येती काय बगा की."

म्हटले, बघतो. परत आल्यावर कलम चौदा बदलण्याचे पत्र लिहिले. ते मंडळाच्या बैठकीपुढे जाईल. वर्षभरात बैठक एकही झालेली नाही, पुढची कधी आहे हे बेंगळूरला कुणाला ठाऊक नाही.

इतके दिवस या वहीत तिला अर्जदार लिहीत आलो. तिचे नाव रूपाली. आता ते लिहिल्याने तिचे आणखी काही जायचे राहिलेले नाही.